अटकेची पत्रे, आशीर्वादाची पत्रे

जेरुसलेमहून दमास्कसच्या वाटेला लागलेल्या त्या तरुणाजवळ काही पत्रे होती. महायाजकाकडे जाऊन ती त्याने स्वतः मागून घेतली होती. दमास्कसच्या सभास्थानांच्या नावे लिहिलेल्या त्या पत्रांत एकच अधिकार दिलेला होता. येशूच्या पंथाचे पुरुष वा स्त्रिया, जे कोणी सापडतील त्यांना बांधून जेरुसलेमला आणावे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती अटकेची वॉरंटे होती. तरुणाचे नाव शौल. त्याचे रोमन नाव पौल. जग त्याला ओळखते ते या दुसऱ्या नावाने. आणि ओळखते तेही पत्रांमुळेच. फरक एवढाच, की ती पत्रे वेगळी होती.

इसवी सन ३३ ते ३६च्या सुमाराची ही गोष्ट. दोनशेहून अधिक किलोमीटरची वाट जवळजवळ संपत आली असताना त्याच्या भोवती एकाएकी प्रकाश चमकला, तो जमिनीवर कोसळला, त्याला येशूचा आवाज ऐकू आला आणि उठून पाहतो तो डोळ्यांना काही दिसेना, असे नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' हा ग्रंथ सांगतो. बरोबरच्या लोकांनी हात धरून त्याला शहरात नेले. 'सरळ' नावाच्या रस्त्यावरील एका घरात तो तीन दिवस अन्नपाण्यावाचून, अंधारात बसून होता.

त्या घरी त्याला भेटायला जो माणूस आला त्याचे नाव हनन्या. हा हनन्या येशूचा अनुयायी होता. म्हणजे शौलाजवळच्या पत्रांचा रोख ज्यांच्यावर होता, त्यांच्यापैकीच एक. शौल कोण आहे, कशासाठी आला आहे, हे त्याच्या कानावर आलेले होते. जायला तो कचरत होता आणि त्यात नवल काही नाही. तरीही तो गेला. त्या आंधळ्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर त्याने हात ठेवले आणि पहिला शब्द उच्चारला तो 'भाऊ' असा. ज्याला बेड्या घालायला आलो, त्याच्याच तोंडून शौलाने हे संबोधन ऐकले. महायाजकाची ती पत्रे वापरायची वेळ पुढे आलीच नाही.

यानंतर पौल सुमारे तीस वर्षे जगला. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, डोंगरातून, जहाजातून त्याने हजारो किलोमीटरचा प्रवास केला. बायबलच्या नव्या करारात त्याच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांपैकी सात पत्रे निःसंशय त्याचीच, असे अभ्यासक मानतात. या पत्रांवर दोन हजार वर्षे भाष्ये लिहिली गेली, वाद झाले, पंथ फुटले. पण भाष्यकारांचे लक्ष असते ते मजकुरावर. पत्राचा मायना आणि शेवटचे नमस्कार-आशीर्वाद आपण जसे भरभर नजरेखालून घालतो, तसेच या पत्रांच्या बाबतीतही घडते. मात्र पौल नावाचा माणूस समजून घ्यायचा असेल तर थांबावे लागते ते नेमके तिथेच. हनन्याकडून मिळालेल्या त्या एका शब्दाचे त्याने पुढे काय केले, हे तिथे दिसते.

तंबू शिवणारा पंडित

पौलाचा जन्म तार्ससचा. हे गाव आज दक्षिण तुर्कस्तानात आहे. त्या काळी ते किलिकिया प्रांताचे गजबजलेले शहर होते. व्यापार होता, तत्त्वज्ञानाच्या शाळा होत्या, आणि शेळीच्या केसांपासून विणलेल्या जाड्याभरड्या कापडासाठी तो सारा प्रांतच प्रसिद्ध होता. पौलाचे घराणे ज्यू, बेन्यामिनाच्या वंशातले. पंथ परुश्यांचा, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांचा. जन्माने तो रोमन नागरिक होता आणि जेरुसलेममध्ये गमलिएल या नामांकित आचार्यांच्या पायाशी बसून शिकला, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगतो. याखेरीज त्याच्या हातात एक कसब होते, तंबू बनवण्याचे. ज्ञानी माणसाने हाताने काम करू नये, असे मानणाऱ्या त्या जगात हा पंडित आयुष्यभर सुई-दोरा घेऊन बसला. आपल्या भाकरीचे ओझे कोणावर पडू नये, हा त्याचा आग्रह होता.

म्हणजे हा मुलगा वाढला तो तीन जगांत. घरात आणि सभास्थानात हिब्रू परंपरा, बाजारात ग्रीक भाषा, आणि सगळ्यांवर रोमची सत्ता. ज्यू माणूस भेटला की 'शालोम' म्हणायचा, शांती असो. ग्रीक माणूस 'खैरे' म्हणायचा, आनंदी राहा. दोन्ही अभिवादने शौलाच्या कानावर लहानपणापासून पडलेली. पण ती म्हणणारी माणसे एका पंगतीला मात्र बसत नसत. आपले कोण आणि परके कोण, याची रेघ पक्की होती. ती रेघ राखण्यात तरुण शौल सर्वांच्या पुढे होता. येशूचा अनुयायी स्तेफन याला जेरुसलेममध्ये दगडांनी ठेचून मारण्यात आले, तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रे काढून ठेवली ती शौलाच्या पायाशी. त्याने दगड उचलला नाही, पण त्या कृत्याला त्याची संमती होती.

दमास्कसनंतर हा माणूस दोन्ही बाजूंना परका झाला. जुने सोबती त्याच्या जिवावर उठले; दमास्कसच्या तटावरून टोपलीत बसून त्याला निसटावे लागले. नवे सोबती त्याच्या सावलीलाही भीत होते. जेरुसलेमच्या शिष्यांशी त्याची गाठ घालून दिली ती बर्णबा या दिलदार गृहस्थाने. पुढे याच बर्णबाने त्याला सिरियातील अंत्युखिया शहरी नेले. तिथे ज्यू आणि बिगरज्यू एकत्र जमत होते, एकत्र जेवत होते. येशूच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम पडले तेही याच शहरात.

एका शब्दाचा बदल

त्या काळी लोक पत्रे कशी लिहीत, हे आज आपल्याला चांगले ठाऊक आहे. त्याचे श्रेय इजिप्तच्या कोरड्या वाळूला. १८९६-९७च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रज संशोधकांनी ऑक्सिऱ्हिंकस येथील जुने उकिरडे उकरायला सुरुवात केली आणि पपायरसच्या हजारो तुकड्यांचा खजिनाच बाहेर आला. हिशेब, पावत्या, अर्ज, आणि साध्या माणसांची साधी पत्रे. इजिप्तमधल्याच फायूम भागातले, दुसऱ्या शतकातले एक पत्र आपियोन नावाच्या नव्या शिपायाचे आहे. रोमन आरमारात भरती होऊन तो इटलीला पोहोचला आणि तिथून त्याने वडिलांना पत्र लिहिले. आधी वडिलांना अभिवादन, मग प्रकृतीची विचारपूस. समुद्रात जीव वाचवल्याबद्दल सेरापिस देवाचे आभार, आपली तसबीर पाठवल्याची खबर, आणि शेवटी भावंडांना, मित्रांना नमस्कार. घरापासून दूर गेलेल्या कुठल्याही मुलाचे पत्र असेच असेल.

ग्रीक पत्राचा साचा ठरलेला होता. आधी लिहिणाऱ्याचे नाव, मग ज्याला लिहायचे त्याचे, आणि मग एक शब्द, 'खैरेइन'. त्याचा अर्थ आनंद असो. वापर मात्र आपल्या 'नमस्कार'सारखा. शेवटी 'एर्रोसो', म्हणजे धडधाकट राहा. ज्यू लोकांच्या पत्रांत याच जागी शांतीचा शब्द येई. जेरुसलेमच्या ख्रिस्ती मंडळींनी अंत्युखियाला पाठवलेल्या पत्राचा मजकूर 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये दिलेला आहे. त्यातही रूढ 'खैरेइन'च आहे. थोडक्यात, पौलाच्या हातात एक तयार मायना होता आणि तो वापरायला कोणाचीच हरकत नव्हती.

इसवी सन ५०-५१च्या सुमारास पौल ग्रीसमधील करिंथ या बंदराच्या शहरी होता. काही काळापूर्वीच थेस्सलनीका शहरातून त्याला रातोरात निघावे लागले होते. तिथे त्याच्या भोवती जमलेली माणसे नवखी होती, आणि त्यांच्यावर छळाची वेळ आलेली होती. ती टिकली की पांगली, या चिंतेने पौल बेचैन झाला. त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तिकडे धाडले. तीमथ्य परत आला तो चांगली बातमी घेऊन. माणसे टिकून होती आणि पौलाची आठवणही काढत होती. त्या आनंदात पौलाने पत्र सांगायला घेतले. नव्या करारातील सर्वांत जुना लेख बहुतेक अभ्यासक मानतात, तो हाच.

या पत्राच्या आरंभी तो नेहमीचा शब्द नाही. 'खैरेइन'च्या जागी पौलाने 'खारिस' हा शब्द घातला. ऐकायला जवळचा, मुळात त्याच्याच गोतातला, पण अर्थाने वेगळा. 'खारिस' म्हणजे कृपा. काही कमावलेले नसताना, हक्क नसताना मिळालेले दान. आणि त्याला जोडून लगेच शांती, म्हणजे घरातला तो शालोम. कृपा आणि शांती! ग्रीक श्रोत्याला आपला मायना ओळखीचा वाटावा आणि ज्यू श्रोत्याला आपला. आणि दोघांनाही कळावे की हे काहीतरी निराळे आहे. निःसंशय मानल्या गेलेल्या सातही पत्रांच्या आरंभी ही जोडी आहे. सातही पत्रांच्या अखेरीस 'धडधाकट राहा' नाही; तिथे पुन्हा कृपेचाच आशीर्वाद आहे. दमास्कसच्या त्या घरात, हातातल्या वॉरंटांसह जो माफ केला गेला, त्याला आपल्या आयुष्यासाठी याहून नेमका शब्द मिळणे कठीण होते.

आशीर्वादाची परीक्षा

पत्रात शांती लिहिणे सोपे असते. प्रत्यक्षात ती कशी अवघड जाते, याचा अनुभव पौलाला अंत्युखियात आला. येशूचा पट्टशिष्य पेत्र तिथे आला होता आणि बिगरज्यूंबरोबर आनंदाने जेवत होता. जेरुसलेमहून काही कर्मठ मंडळी आली तशी त्याने ती पंगत सोडली. त्याचे पाहून इतर ज्यू उठले. ज्याने पौलाचा हात धरून त्याला या शहरात आणले तो बर्णबाही उठला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. एका ताटाला न बसणारी माणसे एका आशीर्वादाची वाटेकरी कशी होणार, हा त्याचा प्रश्न होता. जुन्या मैत्रीची किंमत देऊन त्याने तो विचारला.

हाच वाद गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांपर्यंत गेला, तेव्हा पौलाने त्यांना जे पत्र लिहिले ते वाचताना त्याचा चढलेला आवाज ऐकू येतो. एरवी मायन्यानंतर तो मंडळींबद्दल देवाचे आभार मानतो, त्यांचे कौतुक करतो. करिंथकरांसारख्या भांडखोर मंडळींच्या वाट्यालाही हे कौतुक आले आहे. गलतियाच्या पत्रात मात्र आभार नाहीत. अभिवादन उरकले की थेट खडसावणीच. परंतु एवढ्या रागातही आरंभीची कृपा-शांती त्याने गाळली नाही, आणि शेवटचा आशीर्वाद देताना त्यांना भाऊ म्हणायला तो विसरला नाही. याच पत्राच्या अखेरीस त्याने लेखणी स्वतःच्या हातात घेतली आहे आणि किती मोठमोठ्या अक्षरांत लिहितो आहे, हेही सांगितले आहे.

त्या काळी पत्र बहुधा लेखनिकाला सांगत. पपायरसचा ताव, बोरूची लेखणी, काजळी आणि डिंकाची शाई. सरकारी टपाल होते, पण ते सरकारपुरतेच. खासगी पत्र त्या दिशेने जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यावे लागे. तिथे पोहोचल्यावर ते जमलेल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले जाई, कारण अनेकांना वाचता येत नसे. थेस्सलनीकाच्या पत्रात तर पौलाने शपथ घालून बजावले आहे, की हे सर्व भावांना वाचून दाखवा. कोणी सुटता कामा नये. शेवटच्या ओळी मात्र तो कधी कधी स्वतः लिहितो, आपुलकीची आणि खरेपणाची खूण म्हणून.

या पत्रांच्या शेवटी आणखी एक सूचना चार वेळा येते. एकमेकांना पवित्र चुंबनाने अभिवादन करा. आजच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण त्या समाजात असे चुंबन घेत ते घरचे, रक्ताच्या नात्याचे लोक. ज्या घरात सभा भरे तिथे घरमालक असे, त्याची बायको, त्याचा गुलाम, शेजारचा चांभार, परगावची विधवा. पत्र वाचून झाले की या सगळ्यांनी एकमेकांना घरच्यासारखे भेटायचे. पत्रातला नमस्कार कागदावर राहू द्यायचा नाही, असा हा बेत होता.

करिंथच्या मंडळींनी पौलाला पुष्कळ छळले. त्याची पत्रे वजनदार असतात, पण समोर आला की माणूस अगदी साधा, बोलणेही यथातथाच, असे तिथे बोलले जाई. त्यांना त्याने एक पत्र डोळ्यांत पाणी आणून लिहिल्याचे तो सांगतो. आणि याच कटकट्या मंडळींना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस त्याचा सर्वांत भरघोस आशीर्वाद आला आहे. ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता अशा तीन पदरांचा हा आशीर्वाद आजही जगभरच्या चर्चमध्ये उच्चारला जातो. तो मूळ कोणाला दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिक कळते.

रोमला सांगितलेले नमस्कार

इसवी सन ५७च्या सुमारास पौलाने करिंथहून रोमच्या मंडळींना पत्र पाठवले. रोम त्याने तोवर पाहिलेले नव्हते. हे पत्र मूळ ग्रीकमध्ये सुमारे सात हजार शब्दांचे आहे. सामान्य पत्र तेव्हा एखाद्या पानात आटपत असे. धर्मविचाराच्या दृष्टीने पौलाचे हे सर्वांत भारदस्त पत्र. त्याचा शेवटचा, सोळावा अध्याय म्हणजे जवळजवळ नुसती नावांची यादी आहे. अनेक वाचक इथे पुस्तक मिटतात.

पण यादी वाचून पाहावी. तिच्यात २६ व्यक्तींना नमस्कार आहेत, २४ नावांनिशी आणि दोघींना नात्यावरून. या २६ जणांत नऊ स्त्रिया आहेत. पहिला मान प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला यांचा. सम्राट क्लॉडियसने ज्यूंना रोममधून घालवले तेव्हा हे जोडपे करिंथला आले होते. तेही तंबूच्या धंद्यातले. पौल त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. आपल्यासाठी या दोघांनी जीव धोक्यात घातला होता, हे तो कृतज्ञतेने नोंदवतो आणि नवऱ्याच्या आधी बायकोचे नाव घेतो. पुढे अंद्रोनिक आणि युनिया. हे त्याच्यासोबत तुरुंगात होते, त्याच्याही आधी ख्रिस्ती झालेले होते, आणि प्रेषितांमध्ये नावाजलेले होते. प्रेषितांत बाई कशी असेल, अशा शंकेने पुढच्या शतकांतील काही पंडितांनी या युनियाला पुरुष करून टाकले! मूळ पत्रात ती बाईच आहे. रुफसाच्या आईला नमस्कार सांगताना पौल म्हणतो, की ती माझीही आईच झाली. तिने त्याला केव्हा जेवू घातले, कोणत्या दुखण्यात त्याची उशापायथ्याशी बसून शुश्रूषा केली, याची हकिगत कुठेच नाही. एवढी एकच ओळ आहे.

यादीतली कित्येक नावे गुलामांत आणि मुक्त केलेल्या गुलामांत आढळणारी आहेत. पत्र घेऊन जाण्याचे काम होते किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका फिबी हिच्याकडे. तिचे यथायोग्य स्वागत करा, अशी शिफारस पौलाने केली आहे. करिंथकडून नमस्कार पाठवणाऱ्यांत शहराचा खजिनदार एरास्त आहे आणि त्याच वाक्यात क्वार्त नावाचा कोणी आहे. क्वार्त म्हणजे चौथा. त्याला ना हुद्दा, ना ओळख. त्याच्या नावापुढे फक्त 'भाऊ' एवढेच आहे. आणि सांगितलेले लिहून घेणारा लेखनिक तर्तियस, म्हणजे तिसरा, त्यानेही मध्येच स्वतःचा नमस्कार घातला आहे. सात हजार शब्द उतरवून घेणाऱ्या हाताला आपले नाव लिहायची मुभा मिळावी, हे त्या काळी रोजचे नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे. पौल इथे अमक्याला माझा नमस्कार, असे म्हणत नाही. तुम्ही अमक्याला नमस्कार करा, असे तो ऐकणाऱ्यांना सांगतो. रोमच्या मंडळींत खाण्यापिण्यावरून, सणवारांवरून तट पडले होते. या पत्रातच त्यावर अध्यायभर समजावणी आहे. ती संपली, की शेवटी ही यादी येते. एकेक नाव वाचले जाणार आणि ऐकणाऱ्याला मान वळवून, कदाचित ज्याच्याशी अबोला आहे त्यालाच, नमस्कार करावा लागणार. रुक्ष वाटणाऱ्या यादीत हे काम दडलेले आहे.

एका गुलामाचे परतणे

पौलाचे सर्वांत लहान पत्र फिलेमोन नावाच्या सुखवस्तू गृहस्थाला आहे. ते तुरुंगातून लिहिलेले आहे. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दुरावला होता. तो पौलाकडे आला आणि ख्रिस्ती झाला. अनेसिम या नावाचा अर्थ उपयोगी. रोमन कायद्यात गुलाम म्हणजे मालकीची वस्तू. धन्याला सोडून गेलेल्याला काय शिक्षा द्यायची, हे धन्याच्या मर्जीवर. पौलाने अनेसिमला परत पाठवले आणि त्याच्याबरोबर हे पत्र दिले.

मायना पाहण्यासारखा आहे. पत्र फिलेमोनाला, पण अभिवादन त्याच्याबरोबर अफ्फियाला, अर्खिप्पाला आणि त्याच्या घरी जमणाऱ्या सर्व मंडळीला. म्हणजे हे पत्र एकांतात वाचून ठेवून देता येणार नाही. घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर ते वाचले जाणार, आणि अनेसिम बहुधा तिथेच उभा असणार. आता हा गुलाम म्हणून नव्हे, तर गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. माझे स्वागत करशील तसे याचे कर, असे पौल सांगतो. त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या खाती मांड, अशी हमी तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. नंतर पुन्हा कृपेचा आशीर्वाद, सर्वांसाठी मिळून.

हनन्याने उच्चारलेला शब्द इथे पौलाने दुसऱ्यासाठी मागितला. पण इथेच त्याची मर्यादाही दिसते. गुलामगिरीच मोडा, असे त्याने लिहिले नाही. त्याच्या नावावरच्या काही पत्रांत, जी त्याने स्वतः लिहिली की नाही याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असा उपदेशही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी फिलेमोनाचे हेच पत्र दाखवून, पळालेला गुलाम परत केलाच पाहिजे असे सांगितले. गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याच पत्रातला भाऊ हा शब्द पुढे केला. फिलेमोनाने काय केले याची नोंद नाही. त्याने पत्र फाडून टाकले नाही, ते जपले गेले, एवढे मात्र खरे.

शेवटचा प्रवास

बिगरज्यू मंडळ्यांनी जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली होती. ती पोहोचवायला पौल जेरुसलेमला गेला आणि मंदिरात झालेल्या दंग्यात पकडला गेला. त्याला मारायचा कट शिजतो आहे असे कळताच रोमन सरदाराने रातोरात त्याला कैसरियाच्या सुभेदाराकडे रवाना केले. बरोबर २०० शिपाई, ७० घोडेस्वार, २०० भालेकरी आणि एक सरकारी पत्र. त्या पत्रात रूढ 'खैरेइन'च होते. एके काळी इतरांच्या अटकेची पत्रे बाळगणारा हा माणूस आता स्वतःच एका पत्राचा विषय होऊन बंदोबस्तात निघाला होता.

दोन वर्षे कैसरियात गेली. मग सम्राटाकडे दाद मागितल्यामुळे रोमचा प्रवास, वाटेत वादळ, माल्टा बेटाजवळ जहाज फुटणे, आणि अखेर रोममध्ये भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली आणखी दोन वर्षे. इथे 'प्रेषितांची कृत्ये' संपतो. नीरोच्या कारकिर्दीत, ६४ ते ६७च्या दरम्यान, पौलाचा शिरच्छेद झाला अशी जुनी परंपरा आहे. रोमच्या तटाबाहेर, त्याची समाधी मानल्या गेलेल्या जागी, आज त्याच्या नावाचे भव्य चर्च उभे आहे.

पत्रे मात्र गावोगाव नकलली गेली. इसवी सन २००च्या सुमाराची त्यांची एक पपायरस प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आणि अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात विभागून जपलेली आहे. कृपा-शांतीचा मायनाही पुढच्या ख्रिस्ती पत्रलेखकांनी उचलला. भाषांतरांतून तो जगभर गेला, तसाच मराठीतही आला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांनाही कळावे अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. ५ एप्रिल १९२२ला त्यांचे निधन झाले. १९२४मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्यांना समाजाने आपले म्हणायचे सोडले होते, अशा विधवा आणि अनाथ मुलींनीच त्याच्या छपाईचे काम केले.

मराठी बायबलमध्ये रोमच्या त्या यादीतल्या नमस्कारांसाठी एक शब्द आला आहे : सलाम. प्रिस्काला सलाम सांगा, रुफसाला सलाम सांगा. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि हिब्रू 'शालोम'चा तो सख्खा भाऊ आहे. तार्ससच्या घरात लहानग्या शौलाने ऐकलेले अभिवादन असे दोन हजार वर्षांनी, आडवाटेने, मराठी प्रार्थनाघरात पोहोचले. रविवारी सकाळी उपासना संपते, पाळक हात उंचावतात, आणि करिंथच्या भांडखोर मंडळींना दिलेला तो तीन पदरांचा आशीर्वाद मराठीत उच्चारला जातो. मग लोक उठतात, शेजारच्याकडे वळतात आणि हात जोडतात.